चिखल्याचं मागचं दार, सध्या गुलाबी

मित्रांनो, दरवाजाच्या एका बाजूला घर असतं आणि दुसऱ्या बाजूला जग असतं, असं तुम्ही ऐकलं असेल. मी एक जुना दरवाजा आहे. माझ्या एका बाजूला नाटक असतं आणि दुसऱ्या बाजूला चहा पिणारी माणसं.

माझा जन्म रानशेतला झाला. तिथलं एक आंब्याचं झाड वादळात आडवं झालं, त्याच्या फळ्या रघ्या सुताराने काढल्या आणि त्या फळ्यांचा मी झालो. माझ्या छातीशी एक गाठ होती. ती दुसऱ्याच वर्षी निघून पडली आणि तिथे बोराएवढं भोक राहिलं. रघ्या म्हणाला, "राहू दे. दारालापण एक डोळा पाहिजे." म्हणून मला दिसतं. इतर दरवाजांना दिसत नाही, ते नुसतं ऐकतात. त्यांना हसू नका.

मला सूर्यकांत सरांनी करून घेतलं होतं. सर डहाणूच्या एका शाळेत गणित शिकवायचे. ते मूळचे रानशेतचे. त्यांच्या पत्नी लतिकाबाई चिखल्याच्या, समुद्रापासून तीन मिनिटांवर वाढलेल्या. दोघांनी चिखल्याला घर बांधलं आणि घराचं मागचं दार म्हणून मला बसवलं. नव्या घरात सामान फार नव्हतं. भांडायला तर फक्त मीच होतो.

"अहो, दार उघडं ठेवा. समुद्राचा वारा येतो," लतिकाबाई म्हणायच्या.

"वारा एकटा येत नाही. डास घेऊन येतो," सर म्हणायचे आणि मला लावून घ्यायचे.

पाच मिनिटांनी लतिकाबाई मला उघडायच्या. मग सर लावायचे. एका रविवारी मी बसल्या जागी एवढा फिरलो, की चाललो असतो तर तलासरीला पोहोचलो असतो.

पावसाळ्यात मी फुगायचो. बिजागऱ्याही थोड्या खचल्या होत्या, त्यामुळे माझा खालचा कोपरा उंबऱ्याला अडायचा. सर परसातून आत येताना मला खांद्याने ढकलायचे. जितकं ढकलायचे तितका मी जास्त अडायचो. हा माझा स्वभाव नाही, रचना आहे. लतिकाबाई आतून यायच्या, कडी धरून मला दोन बोटं वर उचलायच्या आणि ओढायच्या. मी लगेच उघडायचो. सरांना ही युक्ती कधीच कळली नाही, कारण त्या वेळी ते दुसऱ्या बाजूला ढकलत असायचे.

अशी दहा वर्षं गेली. अकराव्या वर्षी लतिकाबाईंनी रघ्याला बोलावलं आणि मला बिजागऱ्यांतून काढायला लावलं.

"घ्या," त्या सरांना म्हणाल्या. "तुमच्या नाटकाला दरवाजा हवा होता ना? तिथे लावा आणि तिथेच काय ते बंद करत बसा."

मागच्या चौकटीत त्यांनी जुन्या साडीचा पडदा टांगला. म्हणजे घरात पडदा आला आणि दरवाजा नाटकात गेला.

सरांचं एक हौशी नाट्य मंडळ होतं. डहाणू आणि तलासरीचे नोकरदार लोक त्यात होते. रघ्याने माझ्यासाठी हलकी चौकट केली, पण उंबरा जुन्याच मापाचा केला, त्यामुळे माझी अडचणही माझ्यासोबत रंगभूमीवर आली. बाजूच्या भिंती कापडाच्या होत्या. रंगमंचावरच्या त्या घरात खरा असा मी एकटाच होतो. एका स्पर्धेत परीक्षक म्हणाले, "नेपथ्यातला दरवाजा अगदी अस्सल वाटतो." त्या रात्री मला अभिमान वाटला. नंतर वाटलं, यात माझं काय?

सर फक्त रडकी नाटकं लिहायचे. गणिताचे शिक्षक असं का करतात, हे मला माहीत नाही. एकवीस वर्षांत त्यांनी तेरा नाटकं लिहिली. त्यांत माझ्यातून सोळा माणसं कायमची निघून गेली आणि प्रत्येकाने माझ्यामागे येऊन चहा प्यायला. एक आई मुलाच्या वियोगाने माझ्यावर डोकं टेकवून रडायची. तेव्हा तो मुलगा माझ्या दुसऱ्या बाजूला बिस्कीट बुडवून खात असायचा. मी दोन्हीकडे होतो. मन घट्ट करावं लागतं.

दोन नाटकांच्या मधल्या काळाबद्दल मी फार बोलणार नाही. मला शाळेच्या अडगळीच्या खोलीत ठेवत. एका वर्षी चार विटांवर आडवं करून माझं टेबल टेनिसचं टेबल केलं. स्नेहसंमेलनात माझ्यावर तीनशे बटाटेवडे मांडले. तेलाचे डाग अजून आहेत. बिजागऱ्यांना मात्र कोणी तेल घातलं नाही.

पण मित्रांनो, खरी गोष्ट वेगळीच आहे. लतिकाबाई सरांच्या प्रत्येक नाटकाला यायच्या. पहिल्या रांगेत, डावीकडून तिसरी खुर्ची. मध्यंतर झालं की उठायच्या, पिशवी घ्यायच्या आणि घरी जायच्या. "मला पुरे झालं रडणं," एवढंच म्हणायच्या. सर मध्यंतरात माझ्यामागे यायचे, माझ्या भोकाला डोळा लावायचे आणि पडद्याच्या फटीतून ती खुर्ची बघायचे. तेरा नाटकं, तेरा मध्यंतरं. खुर्ची रिकामी. मग ते चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "चला, तिसरी घंटा."

एवढ्या जवळून माझ्याकडे कोणी बघत नाही. खरं तर तेही माझ्याकडे बघत नव्हते.

मागच्या वर्षी सर निवृत्त झाले. त्यांनी चौदावं नाटक लिहिलं आणि मंडळाला वाचून दाखवलं. पहिल्या पानावर कोणी मेलं नाही. दुसऱ्यावरही नाही. लोक काळजीत पडले.

"सर, तब्येत बरी आहे ना?" मनिषने विचारलं. तो तहसील कचेरीत काम करतो आणि नेहमी नायक असतो. सोळांपैकी सात वेळा तोच निघून गेला आहे.

"हे प्रेमाचं विनोदी नाटक आहे," सर म्हणाले. गणिताचं उत्तर सांगावं तसं म्हणाले.

नाटकात एक नवरा होता, तो घरातलं सगळं बंद करायचा. दारं, खिडक्या, डबे, विषय. एक बायको होती, ती सगळं उघडायची. दुसऱ्या अंकात बायको रागावून स्वतःच दार लावून आत बसते. शेवटी नवरा बाहेरून येतो, दार उघडतो आणि म्हणतो, "दार उघडंच राहू दे." इथे पडदा.

सगळे हसले. नायिका होणारी निलम हसली नाही. ती शाळेत शिकवते, तिला कॉपी लगेच ओळखू येते. ती म्हणाली, "सर, हे तुम्ही काकूंना घरी का नाही सांगत? एक वाक्य तर आहे."

"घरी जमत नाही," सर म्हणाले. "आणि हे वाक्य शेवटच्या पानावर आहे. ती मध्यंतरात उठते."

निलमने वही घेतली आणि आपली वाक्यं वाचायला लागली.

पहिला प्रयोग तलासरीला ठरला, जानेवारीतल्या एका संध्याकाळी. सकाळी रघ्या माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"सर, यात कोण मरत नाही, नक्की?"

"नक्की."

"मग हा असला तपकिरी काय करायचा? रंग लावू."

रघ्याने माझ्यावर आणि चौकटीवर गुलाबी तेलरंगाचे तीन हात मारले. हवा थंड होती, रंग वाळला नाही. रघ्या म्हणाला, प्रयोगापर्यंत वाळेल. मित्रांनो, जगातल्या बऱ्याच अडचणी प्रयोगापर्यंत वाळेल असं म्हणूनच सुरू होतात.

पडदा उघडला. पार उधवा गावापासून माणसं आली होती, सभागृह भरलेलं होतं. लतिकाबाई डावीकडून तिसऱ्या खुर्चीत होत्या, शेजारी त्यांची शेजारीण श्रुतिका. लतिकाबाईंनी नाटकाकडे पाहिलंच नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, हे माझं दार," त्या श्रुतिकाला म्हणाल्या. चौथ्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मेल्यांनी गुलाबी केलं!"

पहिल्या अंकात वाऱ्याचं आणि डासांचं भांडण झालं. लोक खूप हसले. लतिकाबाई हसल्या नाहीत. त्या नवऱ्याचं बोलणं फार लक्ष देऊन ऐकत होत्या, जणू कोणी तरी त्यांच्या घराला कान लावून बसलं होतं.

मध्यंतर झालं. सर माझ्यामागे आले. त्यांनी भोकाला डोळा लावला, तेव्हा त्यांच्या नाकाला गुलाबी रंग लागला. खुर्ची रिकामी होती.

सरांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. परत बघितलं.

खुर्चीवर पिशवी होती.

"रघ्या," सर हळूच म्हणाले, "पिशवी ठेवून माणूस घरी जातो का?"

रघ्याने विचार केला. "पिशवीत काय आहे त्यावर आहे, सर."

तिसरी घंटा झाली आणि लतिकाबाई हातात भज्यांचा कागद घेऊन परत येऊन बसल्या. सर तिथेच उंबऱ्यावर टेकले. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. रिकाम्या खुर्चीची त्यांना सवय होती, भरलेल्या खुर्चीची नव्हती.

दुसऱ्या अंकात निलमने रागाने मला धाडकन लावलं. ते चांगलं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी माझा ओला रंग चौकटीच्या ओल्या रंगाला चिकटला आणि कोपरा उंबऱ्यावर बसला. मी बंद झालो. असा बंद मी आयुष्यात झालो नव्हतो.

शेवटच्या प्रवेशात मनिषने बाहेरून ढकललं. मी हललो नाही. परत ढकललं.

"येतोय मी!" तो बाहेरून म्हणाला.

"ये ना," निलम आतून म्हणाली. हे नाटकात नव्हतं.

"येतोच आहे!"

"मी काही तुला अडवलं नाही!"

लोक हसू लागले. मनिषने बाजूच्या कापडातून हात आत घातला. सरांनी तो मागे ओढला.

"तिथे भिंत आहे!" सर कुजबुजले.

"कापड आहे, सर!"

"नाटकात भिंत आहे! भिंतीतून आलेल्या नवऱ्याचं कोण ऐकेल?" असं म्हणून सरांनी त्याला बाजूला केलं आणि स्वतःच खांदा लावला. घरी दहा वर्षं लावत होते तसाच. चौकट डोलू लागली. मागून कोणी तरी गुजरातीत ओरडलं, "धक्को मारो, धक्को!" अर्धं सभागृह धक्को धक्को करू लागलं.

सरांचं ते एक वाक्य माझ्यामागे अडकलं होतं आणि मी काही करू शकत नव्हतो. दरवाजाला स्वतःहून उघडता येत नाही, ही आमच्या जातीची मोठी उणीव आहे.

तेवढ्यात लतिकाबाई उठल्या. मला वाटलं, चालल्या घरी. त्या बाहेर नाही गेल्या. त्यांनी भजी श्रुतिकाकडे दिली, चपला पायरीखाली काढल्या आणि रंगमंचावर चढल्या.

"कोण ढकलतंय ते?" त्यांनी विचारलं.

ढकलणं थांबलं. "मी," आवाज आला.

"वाटलंच. किती वर्षं ढकलणार? ढकललं की कोपरा बसतो त्याचा. उचलायचं असतं."

"कुठे उचलू?"

"कडीपाशी धरा. मीही धरते. दोन बोटं वर. फार नाही."

त्यांनी इकडून धरलं, सरांनी तिकडून. मला दोन्ही बाजूंनी एकाच वेळी पहिल्यांदा कोणी तरी उचलत होतं. चर्र असा आवाज झाला, रंग सुटला आणि मी उघडलो.

दारात सर उभे होते. हातात नाटकाची वही, नाक गुलाबी. समोर लतिकाबाई, तळहात गुलाबी. लोकांना वाटलं, नाटकातली माणसं म्हातारी झाली. चांगली कल्पना आहे, असंही काहींना वाटलं.

सर वाक्य विसरले. स्वतः लिहिलेलं. निलमने मागून हळूच आठवण केली, "दार..."

"दार उघडंच राहू दे," सर म्हणाले.

लतिकाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "डास येतील."

सरांना हे वाक्य एकतीस वर्षं पाठ होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. त्यांनी वही मिटली.

"येऊ देत," ते म्हणाले.

रघ्याने पडदा पाडला. टाळ्या इतका वेळ चालल्या, की मनिषला वाटलं आपणही यावं. तो माझ्यातून आत आला, नमस्कार केला आणि आपला चहा प्यायला निघून गेला. आठव्यांदा.

नेपथ्य आणलेल्या टेम्पोतूनच लतिकाबाईंनी मला चिखल्याला नेलं. साडीचा पडदा निघाला, मी जुन्या चौकटीत परत बसलो. रघ्याने बिजागऱ्यांना तेल घातलं. मी बहुतेक उघडा असतो. डास येतात. सर हवेत टाळ्या वाजवत त्यांना मारतात, पण मला लावत नाहीत. कधी कधी संध्याकाळी लतिकाबाईच उठून मला लावून घेतात. मग सर पाच मिनिटांनी उघडतात.

प्रयोग अजून होतात. प्रयोगाच्या दिवशी रघ्या येऊन मला काढतो, टेम्पोत घालतो. लतिकाबाई मागोमाग येतात आणि शेवटपर्यंत बसतात. परवा श्रुतिकाने त्यांना विचारलं, "काकू, इतकं आवडलं नाटक?"

"नाटकाचं काय घेऊन बसलीस," लतिकाबाई म्हणाल्या. "घराला दार नाही गं. संपल्यावर घेऊनच जावं लागतं." हे बोलताना त्या भजी खात होत्या.

तर मित्रांनो, आपल्या घरच्या दरवाजांची काळजी घ्या. वर्षातून एकदा बिजागऱ्यांना तेल घाला. रंग ओला असताना आम्हाला लावू नका. अडलो तर आधी उचलून बघा, आणि पलीकडे कोणी असेल तर त्यालाही उचलायला सांगा. आणि कधी नाटकाला गेलात, तर मध्यंतरात उठून गेलात तरी चालेल, पण पिशवी ठेवून जा. तिथल्या दरवाजाला भोक असेल, तर त्यातून कोणी तरी तुमची खुर्ची बघत असतं.