शारजाची लेन्या

समिधा केळसकर स्पॅनिशमध्ये रॅप करायची. दुबईतल्या कोलंबियन, व्हेनेझुएलन, मेक्सिकन लोकांत तिचं नाव होतं लेन्या. ते नाव वाइल्डरनं दिलं. वाइल्डर हा कोलंबियन, एका हॉटेलात साउंड सांभाळायचा आणि तिच्या गाण्यांचं संगीत करायचा. समिधा म्हणजे काय, असं त्यानं एकदा विचारलं. ती म्हणाली, "होमात घालतात ते लाकूड." तो म्हणाला, "म्हणजे लेन्या. सरपण." तेव्हापासून तेच.

ती आठ वर्षांची असताना वडिलांची, राजन केळसकरांची, चिलीला बदली झाली. ते खाणींच्या यंत्रांचे इंजिनियर. वाळवंटाच्या कडेला अंतोफागास्ता नावाचं बंदर आहे, तिथे कुटुंब पाच वर्षं राहिलं. तिथल्या शाळेत मुलं मधल्या सुट्टीत गोल करून यमकं जुळवत एकमेकांची खिल्ली उडवायची. पहिलं वर्षभर सगळ्यांनी समिधाची उडवली. दुसऱ्या वर्षी तिनं उत्तर दिलं, आणि समोरचा मुलगा गप्प बसला. आपल्याला उलट बोलता येतं हे तिला त्या भाषेत कळलं. मग ती भाषा तिनं सोडली नाही. शारजाला अल नहदा भागातल्या टॉवरमध्ये राहायला आल्यावरही ती खोलीचं दार लावून स्पॅनिशमध्येच लिहायची.

आता ती सव्वीसची होती. दिवसा एका शिपिंग कंपनीत कस्टम्सची कामं बघायची. सुट्टीच्या दिवशी दुबईच्या अल कूझ भागातल्या एका गोदामात जमणाऱ्या पन्नास-साठ लोकांपुढे गायची. जाहिरात नाही, फक्त फोनवर निरोप. पहिल्यांदा ती माइकपाशी गेली तेव्हा मागून कुणीतरी हसलं. तिनं त्या हसण्यावरच चार ओळी तिथल्या तिथे रचल्या. पुढच्या वेळी तो हसणारा सगळ्यात पुढे उभा होता.

घरी वडिलांना हे पटत नव्हतं. "इंग्लिशमध्ये कर, हिंदीत कर. चार लोकांना कळेल तरी."

"बाबा, मला भांडायला स्पॅनिशच येतं."

आई, सुहासिनी, यात कधी पडायची नाही.

तिचं सगळ्यात गाजलेलं गाणं आईवरच होतं. 'माझी आई रडली नाही' असं त्याचं ध्रुवपद. मुंबईच्या कॉलेजातली केमिस्ट्री शिकवायची नोकरी सोडून नवऱ्यामागे एका वाळवंटातून दुसऱ्या वाळवंटात गेलेली आणि डोळ्यांतून टिपूस न काढणारी बाई. दक्षिण अमेरिकेत ते गाणं फोनवरून फोनवर फिरलं.

ते ऐकून केयाचा फोन आला. केया एका इव्हेंट कंपनीत कलाकार ठरवायची. लॅटिन फेस्टिव्हलमध्ये, मोठ्या स्टेजवर, सगळ्या परवानग्यांसकट सुरुवातीची वीस मिनिटं समिधाला मिळणार होती.

"फक्त पोस्टरवर चेहरा नको," केया म्हणाली. "हूडी घाल. लोकांना वाटू दे की तू कोलंबियन आहेस. उगाच कन्फ्युजन नको."

"पोस्टरवर चेहरा माझा. वर लेन्या, खाली समिधा केळसकर, शारजा. नाहीतर खलास."

"विचारून सांगते," म्हणून केयानं फोन ठेवला, आणि बरेच दिवस काही कळवलं नाही. वाइल्डर चिंतेत होता. समिधा नव्हती.

त्याच आठवड्यात एका सकाळी आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "ते गाणं तिथे म्हणणार असलीस तर दुसरं कडवं बदल." आणि ते कडवं तिनं अख्खं म्हणून दाखवलं. स्पॅनिशमध्ये.

समिधा बघतच राहिली. "तुला कळतं?"

"पाच वर्षं बाजारातून मासे कोण आणत होतं? तुझे बाबा?"

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू दार लावून लिहायचीस. म्हटलं, पोरीची एक जागा असू दे." आईनं पोळी तव्यावर टाकली. "पण मी रडले होते, समिधा. तू शाळेत गेलीस की रोज. तू मला दगड केलंयस. लोकांना आवडतं ते, पण मी दगड नव्हते."

समिधाला राग आला. त्या गाण्याचा तिला सगळ्यात जास्त अभिमान होता. ती तशीच ऑफिसला गेली. संध्याकाळी घरी येऊन आईसमोर बसली. "सांग. सगळं सांग."

आईनं सांगितलं. अंतोफागास्ताच्या धक्क्यावर मासे विकणारी एक बाई होती. पहिल्या महिन्यात सुहासिनी तिच्यासमोर उभ्या उभ्या रडू लागली. त्या बाईनं काही विचारलं नाही, बसायला स्टूल दिलं आणि मासे साफ करत राहिली. पुढे रोज ते स्टूल तिच्यासाठी मोकळं असायचं. तिथे बसूनच सुहासिनी स्पॅनिश शिकली.

समिधानं एक कडवं नाही, अख्खं गाणं बदललं. ध्रुवपद झालं, 'माझी आई रडली, आणि उठली'. वाइल्डर म्हणाला, गाजलेलं गाणं मोडू नकोस. ती म्हणाली, "माझं आहे. मीच मोडणार."

मग केयाचा फोन आला. "दुसरं कुणी मिळालं नाही. तुझ्याच अटीवर. यल्ला, लवकर फोटो पाठव."

डिसेंबरमधली संध्याकाळ होती. खुल्या मैदानात गर्दी होती. समिधा साध्या कुडत्यात स्टेजवर गेली, नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि सुरू झाली. लोकांना जुने शब्द पाठ होते. नवे आले तशी गर्दी शांत झाली. स्टुलाच्या ओळीला पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडावर हात धरला. तिसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा सगळं मैदान ते म्हणत होतं. राजन केळसकर ताल चुकवत टाळ्या वाजवत होते. सुहासिनी वाजवत नव्हती. ती शब्द म्हणत होती.

सोमवारी समिधानं मॅनेजर तय्यबभाईंकडे दोन आठवड्यांची रजा मागितली.

"इंडिया जा रही हो?"

"नहीं, कोलंबिया. बोगोता में तीन शो हैं."

त्यांनी चष्मा काढला. "तुम वहाँ करोगी क्या?"

"गाऊँगी," समिधा म्हणाली आणि रजेचा अर्ज सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला.