पाठ झालेलं कलम

या, जरा जवळ सरकून बसा. जहाजं भाड्याने देण्याचे करार जिथे तीन भाषांत लिहिले जात, त्या कचेरीतल्या सासऱ्याची आणि सुनेची गोष्ट सांगतो. ऐकून उठाल ते हलक्या मनाने, एवढा शब्द देतो.

मामंजींनी उभी हयात त्या कचेरीत काढलेली. मालकाची भाषा, भाडेकऱ्याची भाषा, कप्तानाची भाषा. कुठल्या शब्दासमोर कुठला शब्द बसवायचा, हे त्यांनीच ठरवून दिलेलं. सून त्यांच्याच टेबलासमोर बसे. रीत अशी, की एकाने भाषांतर मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर ओळीओळीला खूण करायची. मामंजी वाचत ते ठेक्यात, निरूपण रंगावं तसे.

त्या दिवशी बाराला करार सह्यांना जायचा होता. मामंजींनी वाचलं, “पावसाने माल चढवणं थांबल्यास तो दिवस मुदतीत धरू नये.”

सुनेची पेन्सिल थबकली. तिच्यासमोरच्या छापील नमुन्यात ती ओळ शाईने खोडलेली होती. भाषांतरात चुकून राहिली असेल, म्हणून ती खूण करायला पुढे वाकली. तर मामंजींच्या कागदावर ती ओळच नव्हती.

“मामंजी, हे वाचलंत कुठून?”

मामंजींनी उगाच चष्मा पुसला. “सगळं पाठ आहे गं. बारीक अक्षर आठ दिवस झाले दिसत नाही. साहेबांना कळलं तर घरी बसवतील. मग तुझ्या सासूबाई मला भाजी निवडायला लावणार.”

“नको. अळ्यांसकट वाढाल,” सून म्हणाली. तिला हसू आलं, पण लगेच तिने कागदासाठी हात पुढे केला. “या कागदावर कप्तान जहाज आणतो, मामंजी. लपवायचं नाही. द्या इकडे. एक ओळ मुळातली, एक भाषांतरातली, मी वाचते. तुम्ही ऐका.”

मामंजींनी डोळे मिटले. सहाव्या कलमाला बोट वर झालं.

“थांब. मुळात माल चढवायची मुदत जहाज बंदरात पोचल्यापासून. भाषांतरात, कप्तानाच्या प्रतीत, तू धक्क्याला लागल्यापासून वाचलंस.”

तिने दोनदा पाहिलं. तसंच होतं. धक्का रिकामा नसता, तर जहाज बाहेर नांगर टाकून पडलं असतं आणि मुदत कधी सुरू झाली यावर वकिलांची जुंपली असती.

साहेब केव्हाचे दारात उभे होते. सुनेने न विचारता सगळं सांगून टाकलं.

“लपवलंत ते वाईट केलंत, काका,” साहेब म्हणाले. “गेल्या आठ दिवसांत झालेले तिन्ही करार आज परत काढा. यापुढे वाचणार ही, ऐकणार तुम्ही. असा कान मी घरी पाठवतो होय?”

मामंजी नुसतं “बरं” म्हणाले, पण पुढचं कलम सुरू झालं तेव्हा त्यांची बोटं टेबलावर ठेका धरत होती.

ते जहाज आज कुठल्या पाण्यात आहे, देव जाणे. पण लांबलचक कागदावर सही करायची वेळ आली, तर आधी तो कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, आणि डोळे मिटून ऐकणाऱ्या त्या मामंजींची आठवण ठेवा.