रविवारचा शर्ट

आईनं लेकीची दोन्ही मनगटं धरली आणि तिचे हात खाली तिच्याच मांडीवर नेऊन ठेवले.

आईच्या तपासणीचा अहवाल डॉक्टरांच्या हातात होता. "तुम्हीच सांगा ना यांना, तुम्हाला येते त्यांची भाषा," असं ते नुकतंच म्हणाले होते आणि लेकीची बोटं उचललीही गेली होती. आईनं डॉक्टरांच्या मागच्या भिंतीकडे बोट केलं. तिथं चौकटीत एक सूचना होती : कर्णबधिर रुग्णांशी बोलताना नातेवाइकांकडून दुभाष्याचे काम करून घेऊ नये. डॉक्टर तरुण होते, नवे होते. मान वळवून त्यांनी ती बहुधा पहिल्यांदाच वाचली आणि ओशाळून फोन उचलला. दुभाषी बाई दुसऱ्या इस्पितळात होत्या. यायला तासभर लागणार होता.

मायलेकी बाहेर बाकावर येऊन बसल्या.

ती सूचना आईचीच कमाई. छापखान्यात पुस्तकं बांधणारी ही बाई. कर्णबधिर मंडळींत तिच्या नावाची खूण म्हणजे तळहातावर अंगठ्याच्या नखानं घातलेली घडी. दर शनिवारी ती कुणा ना कुणाच्या सोबतीला कचेरीत, पोलीस चौकीत नाहीतर दवाखान्यात उभी असायची. त्या एका नियमासाठी तिनं अकरा वर्षं चपला झिजवल्या. साहेबलोक तिच्या अर्जांकडे कानाडोळा करत. कर्णबधिरांच्या मंडळाच्या खोलीत येऊन ती हातांनी सांगे, माझे नुसते कान गेलेत, त्यांचे तर डोळेही गेलेत. मंडळी पोट धरून हसत. नियम मंजूर झाला त्या दिवशी त्याच खोलीत सत्तर माणसांनी टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवले होते. लेकही त्यांच्यात होती.

पण आज त्या नियमात आपणही मोडतो, हे काही लेकीच्या पचनी पडेना. ती बोलायला लागण्याआधी हातांनी बोलायला शिकली होती. आईला तिच्याइतकं कोण ओळखणार? शाळेतल्या मुलांच्या परीक्षा सोडून ती आली होती, ती काय बाकावर बसायला?

"मी परकी आहे का?" तिनं शेवटी हातांनी विचारलं.

आई तिच्याकडे वळून बसली. मग तिनं विचारलं, "बाबांच्या वेळचं आठवतं?"

न आठवायला काय झालं. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. बाबाही कर्णबधिर, इस्पितळात अंथरुणाला खिळलेले. गुरुवारी डॉक्टरांनी तिला जवळ बोलावलं आणि आईला सांगायला सांगितलं, की आता आशा नाही, फार तर दोन दिवस. आई समोरच उभी होती. पोरीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि हातांनी सांगितलं, डॉक्टर म्हणतात, रविवारी घरी न्या. बाबा शनिवारी गेले. हे तिनं बत्तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. आपल्यामुळे आईला त्यांचा निरोपही घेता आला नाही, एवढंच ती मनात धरून होती.

आता तिनं ते सांगून टाकलं. खुणा अर्ध्यावर तुटत होत्या. आईनं मध्ये अडवलं नाही.

"मला माहीत होतं," मग आई म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हाच. डॉक्टरांचा चेहरा मला वाचता येत होता. तुझाही."

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन आईनं बाबांचा निळा शर्ट काढून इस्त्री केली होती आणि तो रविवारसाठी खुंटीला टांगला होता. कॉलरवर पाणी शिंपडायला पोरगीच जवळ उभी होती.

"मग शर्टाला इस्त्री कशाला केलीस?"

"तू बघत होतीस."

लेकीनं खाली मान घातली. आईनं तिच्या हनुवटीला बोट लावून चेहरा वर केला. बोलायचं तर नजरेला नजर हवी.

"शुक्रवारी तुला शाळेत धाडलं आणि दिवसभर त्यांच्याजवळ बसले. आमचं सगळं बोलून झालं होतं. अर्ज लिहायला बसले ती त्यानंतर."

दुभाषी बाई धापा टाकतच आल्या. आईनं आधी त्यांना बसवलं, पाणी प्यायला लावलं, आणि मग त्या दोघी आत गेल्या; लेक बाकावरच राहिली.

दाराला काच होती. आईची पाठ दिसत होती, आणि तिच्यापलीकडे डॉक्टरांशेजारी बसलेल्या दुभाषी बाई. खुणांची भाषा काचेला अडत नाही. डॉक्टरांचे ओठ हलू लागले, बाईंनी हात उचलले. पहिला शब्द लेकीला स्पष्ट वाचता आला.

ती उठली, समोरच्या बाकावर दाराकडे पाठ करून बसली आणि आई बाहेर यायची वाट पाहू लागली.