गाडीचं वजन

"मथुराबाई, झाडू ठेव अन् गाडीत बस. सोजरबाईलेई घे," बाबारावांनी तिकिटाच्या खिडकीतून हाक मारली.

मथुराबाईनं झाडू कुंपणाला टेकवला. फाटकाशी एक जोडपं उभं होतं. किनवटकडचं असावं. मुलीच्या हातातला चुडा नवा होता. सकाळपासून करमणुकीच्या त्या सगळ्या बागेत तेवढीच दोन गिऱ्हाइकं आली होती, आणि दोघांना घेऊन रोलर कोस्टर चालत नसे. गाडी हलकी असली की पहिला उतार जोरात यायची, पण पुढच्या चढावर तिचा जोर सरायचा आणि मागं घसरून ती मधल्या खोलगट भागात अडकून बसायची. एकदा तसं झालं, तेव्हा निर्मलच्या एका मास्तरांना शिडी लावून उतरवावं लागलं होतं. त्यानंतर मॅनेजर बाबारावांनी ठरवून टाकलं. गिऱ्हाइकं कमी असतील तर रिकाम्या जागांवर कामगारांनी बसायचं. झाडूवाल्या, माळी, कणसं भाजणारा, हाताशी जो असेल तो.

याला ते 'वजनाला बसणं' म्हणत.

"मथुरे, माह्या पोटात सकाळपासून कालवून राह्यलं वो," शेजारी बसत सोजरबाई म्हणाली.

"डोळे मिट. माहा हात धर."

गाडी चालवणाऱ्या फकिरानं कळ ओढली. साखळी खडखडली आणि गाडी वर चढू लागली. वरून आदिलाबादजवळच्या मावला गावाची घरं दिसली, पलीकडं काळं रान, नागपूरकडं जाणारा मोठा रस्ता. मग सगळं एकदम खाली गेलं. पुढं बसलेली नवी नवरी जिवाच्या आकांतानं ओरडली, नवरा हसला. मागच्या रांगांत कुणी ओरडलं नाही. सोजरबाईची नखं मथुराबाईच्या मनगटात रुतली होती.

उतरल्यावर नवऱ्या मुलीनं मागं वळून पाहिलं. "ह्या बाया अशा काऊन बसल्या जी? मयतीले आल्यावानी," ती नवऱ्याला म्हणाली. हळूच म्हणाली, पण बाबारावांनी ऐकलं.

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "उद्यापासून तुमीई ओरडत जा. गिऱ्हाइकाले मजा आली पायजे. गुपचाप बसाले पैसे भेटत नाईत."

मथुराबाई आणि सोजरबाई बाग उघडली त्याच दिवशी कामाला लागल्या होत्या. तेव्हा वजनाला बसायची वेळ येईल असं कुणाला सांगितलं असतं तर तो हसला असता. हैदराबादच्या मालकानं रस्त्याकाठची पडीक जमीन घेऊन बाग उभी केली, आणि पहिल्या दिवाळीला रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. जिल्हा लांबलचक होता. मंचेरियालचा माणूस असो की आसिफाबादचा, कलेक्टर कचेरीत काम निघालं की त्याला आदिलाबादला यावंच लागे. काम होवो न होवो, आलेला माणूस पोराबाळांना बागेत घेऊन येई. शाळांच्या सहली येत. शिक्षक मुलांना आधी जिल्ह्याचं ठिकाण दाखवत आणि मग गाडीत बसवत. दिवस मावळेपर्यंत दोघी कागद, कणसं, चॉकलेटच्या चांद्या गोळा करत. कंबर मोडायची. पण घरी जाताना सोजरबाई गाडीत बसलेल्यांच्या नकला करायची आणि सगळा रस्ता हसण्यात सरायचा.

मग हैदराबादपासून आदिलाबादपर्यंत वेगळ्या राज्यासाठी आंदोलन पेटलं. आज बंद, उद्या रास्ता रोको. बागेला कुलूप लागायचं, पुन्हा उघडायचं. "एकदा राज्य झालं की मग पाहा," बाबाराव म्हणायचे. राज्य झालं. गुलाल उधळला, मालकानं त्या दिवशी सगळ्यांना फुकट गाडीत बसवलं. दोन वर्षांनी दसऱ्याला जिल्ह्याचे चार तुकडे झाले. निर्मलला निर्मलचा कलेक्टर, मंचेरियालला मंचेरियालचा, आसिफाबादला आसिफाबादचा. ज्याची कचेरी त्याच्या दारात गेली. लोकांचं बरं झालं असेल. पण कचेऱ्यांतले अर्धे बाबू बदलून गेले, त्यांच्या बायकापोरांनी भरलेले रविवार गेले, आणि सहलीही येईनाशा झाल्या. लाटा उठवणारा वेव्ह पूल आटला. आकाशपाळण्याचा पट्टा तुटला तो तुटलाच. बाबारावांनी मालकाला पुष्कळ फोन केले. पुढं पुढं मालक फोनच उचलेना.

सोजरबाई ओरडायला शिकली नाही. तोंड उघडलं की तिला उमासा यायचा. एका शनिवारी निर्मलच्या कॉलेजची चार पोरं आली होती. दुसऱ्या उतारावर सोजरबाईला उलटी झाली आणि पुढच्या पोराच्या पाठीवर गेली. पोरानं शर्ट काढून बाबारावांच्या टेबलावर टाकला.

बाबारावांनी सोजरबाईला कार्यालयात बोलावलं. मथुराबाई तिला धरून घेऊन गेली.

"सोजरबाई, तुले हे झेपत नाई."

"मी झाडते ना साहेब. नुसती झाडते. गाडीत नका बसवू."

"झाडाले आता कचरा कोण करून राह्यलं?" बाबाराव खिडकीबाहेर बघत म्हणाले. "अन् तू अशी काडीवानी. तुहं वजनई पडत नाई गाडीत."

सोजरबाईनं मथुराबाईकडं पाहिलं. मथुराबाईच्या ओठावर आलं होतं, की साहेब, मी दोघींच्या वाटचं झाडते, बसतेही, हिला राहू द्या. पण तिला घरी खाटेवर पडलेला नवरा, डोमाजी दिसला. जिनिंगमध्ये कापसाची गठाण पाठीवर पडल्यापासून तो उठला नव्हता. तिनं खाली मान घातली. सोजरबाईनं खुंटीवरची पिशवी घेतली आणि फाटकातून निघून गेली.

त्याच दुपारी यवतमाळचं एक कुटुंब आलं. मथुराबाई वजनाला बसली. शेजारची जागा रिकामी होती. गाडी माथ्यावर पोचली, क्षणभर थांबल्यासारखी झाली आणि कोसळली. मथुराबाई ओरडली. पोटाच्या तळातून, गळा फाटेपर्यंत ओरडली. चढावर थांबली नाही, वळणावर थांबली नाही. गाडी फलाटाला लागली तरी तिचा आवाज चालूच होता. मग तिनं पदर तोंडात कोंबला.

पुढच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बाई, तुमच्यामुळं खरी मजा आली," त्यातला एक गृहस्थ म्हणाला.

"शाब्बास, अशीच वरडत जाय," बाबाराव म्हणाले.

ती तशीच ओरडत गेली. त्या हिवाळ्यात माळी गेला, कणसंवाला गेला. शेवटी तर बाबाराव स्वतः इस्त्रीचा सदरा घालून तिच्या मागच्या रांगेत वजनाला बसू लागले. ते ओरडत नसत. उतारावर हळूच "अगा देवा" म्हणत. घरी मथुराबाई झोपेत दचकून खाटेची कड धरायची. डोमाजी विचारायचा, "काय झालं वो?" ती म्हणायची, "काई नाई. पडल्यावानी झालं."

संक्रांतीनंतर एका सकाळी बाबारावांनी तिला पोती आणायला सांगितली. लहान मुलांना खेळायला केलेल्या हौदात रेती तशीच पडून होती. तिनं आणि फकिरानं मिळून ती पोत्यांत भरली, तोंडं शिवली आणि एकेक पोतं गाडीत नेऊन बसवलं. आपल्या जागेवरचं पोतं तिनं स्वतः ठेवलं. ते एका अंगाला कलत होतं. तिनं ते सरळ केलं, वरून लोखंडी दांडा ओढला आणि खट्ट आवाज होईपर्यंत दाबला.

फकिरानं गाडी सोडून पाहिली. ती चढली, उतरली, सगळी वळणं घेऊन बिनबोभाट परत आली. नुसतं लोखंड वाजत होतं.

"एकदम बराबर," फकिरा म्हणाला आणि तिच्याकडं बघायचं टाळून तेलाचा डबा शोधू लागला.

"उद्यापासून येऊ नको मथुराबाई," बाबाराव म्हणाले. "माहंई काई खरं नाई. पाहू किती दिवस चालते तं."

ती घरी गेली नाही. सोजरबाईच्या दारात जाऊन उभी राहिली. सोजरबाई बाग सोडून गेल्यापासून दोघी बोलल्या नव्हत्या. सोजरबाई ओसरीत सूप घेऊन ज्वारी निवडत होती. तिनं वर पाहिलं, ये म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. मथुराबाई खाली बसली.

"आज सुट्टी देल्ली काय?" सुपातला एक खडा अंगणात फेकत सोजरबाईनं विचारलं.

"काढलं."

"गाडी बंद पडली?"

"नाई. चालू हाय."

"मंग वजनाले कोण बसते?"

"रेती."

सोजरबाईची बोटं थांबली. "बरं हाय," ती म्हणाली. "रेतीले उलटी होत नाई."

दोघींपैकी कुणी हसलं नाही. सोजरबाईनं सुपातली अर्धी ज्वारी पितळी ताटात ओतून मथुराबाईपुढं सरकवली, आणि दोघी मान खाली घालून खडे वेचू लागल्या.