सीताबाईंचा होकार

रोह्याच्या शाळेत सीताबाईंनी बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवले. त्यांच्या वर्गातून उठून कोणी डॉक्टर झाले, कोणी कंपनीत साहेब झाले, आणि जे काहीच झाले नाहीत तेही बाई रस्त्यात दिसल्या की सायकलवरून खाली उतरत. इंग्रजी क्रियापदांचा त्यांचा धडा तर तालुक्यात गाजलेला होता. पुट, टेक, गिव्ह ही क्रियापदे दिसायला बारकी. पण ऑन, ऑफ, आउट, अप असा जोडीदार भेटला की त्यांचा अर्थच पालटतो. आणि इट किंवा देम हे सर्वनाम आले, तर त्याची जागा दोघांच्या मध्ये. "नवरा, बायको आणि तान्हे पोर," बाई सांगत. "पोर मध्येच निजते. कडेला टाकलेत तर पडेल." अशा एकशे चाळीस जोड्या त्यांनी तक्त्यावर लिहिल्या होत्या, आणि मुले त्या पाढ्यासारख्या म्हणत.

एक गोष्ट मात्र बाईंनी कोणाला सांगितली नव्हती, कारण ती त्यांच्या स्वतःच्याही ध्यानात आली नव्हती. इंग्रजी ही ज्याची घरची भाषा आहे, अशा माणसाशी त्या जन्मात एक वाक्यही बोलल्या नव्हत्या.

शहाण्णव सालच्या चैत्रात त्यांच्या पुतण्याचा, हैबतरावाचा, पेणहून फोन आला. त्याचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. इंग्लंडातल्या एका मंडळाने एकवीस मूर्ती मागवल्या होत्या. माल बोटीने जायचा, म्हणून घाई होती. मंडळाचा माणूस स्वतः बघायला येणार होता. आईबाप इकडचे, पण जन्म तिकडचा. इंग्रजीवाचून त्याला दुसरे काही येत नव्हते.

"काकी, तुम्ही असलात म्हणजे मला घोर नाही," हैबतराव म्हणाला.

सीताबाई वरसे गावातल्या आपल्या घरून रोह्याला आल्या आणि इस्त्रीची साडी सांभाळत एसटीने पेणला पोचल्या. हैबतरावाने त्यांच्यासाठी कारखान्यात मधोमध खुर्ची मांडली होती. समोर एकवीस गणपती रंगवून तयार होते. फक्त डोळे राहिले होते. रंग पाच माणसे मिळून देतात, डोळ्यांची आखणी मात्र एकाच हाताची. तो हात शकूचा. चाळिशीची ही बाई अकरा वर्षे आखणीच्या पाटावर बसत होती, आणि ती पाटावर असली की कारखान्यात कोणी मोठ्याने बोलत नसे.

पाहुणा आला, हसला, हात जोडले आणि बोलू लागला.

सीताबाई ऐकत राहिल्या. शब्द सगळे ओळखीचे होते. लीव्ह, टेक, देम, इट, ओव्हर. जणू त्यांचेच विद्यार्थी. पण जत्रेत पळत सुटलेले, एकही थांबून नमस्कार करीना. पाहुणा मूर्तींकडे हात करी, दाराकडे हात करी, पुन्हा बोले. बाईंच्या कानाची पाळी तापली. "पुन्हा सांगा" एवढे दोन शब्द पुरले असते. ते इंग्रजीत कसे म्हणायचे हे त्या पाचवीच्या पहिल्याच महिन्यात शिकवत आल्या होत्या. पण भोवती माणसे उभी होती, आणि हैबतरावाच्या चेहऱ्यावर केवढा अभिमान होता.

"येस," बाई म्हणाल्या. "येस, येस."

"काय म्हणतोय काकी?"

"डोळे आखून, नीट गुंडाळून लवकर पाठवा म्हणतो."

पाटावरून शकू हळूच म्हणाली, "काकी, त्यानं डोळ्यांपुढं हात असा आडवा धरलान. नको म्हणत व्हता काय?"

"इंग्रजी मी शिकवते की तू, गो?"

माणसे हसली. शकूही हसली, आणि तिने कुंचला उचलला.

आठ दिवसांनी पाहुणा पुन्हा आला. या खेपेला त्याच्याबरोबर मुंबईचा, इंग्रजी आणि हिंदी दोन्ही बोलणारा दलाल होता, आणि हैबतरावाने मान म्हणून काकींनाही बोलावून घेतले होते. एकवीस जोडी डोळे पाहून पाहुण्याचा चेहरा उतरला. दलालाने उलगडा केला. त्यांच्या गावातला एक म्हातारा कारागीर दर वर्षी सगळ्या मंडळासमोर डोळे आखतो. तोच तिथला पहिला सोहळा. म्हणून मूर्ती डोळ्यांवाचून हव्या होत्या, आणि तसे साहेबांनी स्पष्ट सांगितले होते.

"कोणाला सांगितले होते?" असे विचारायची पाळी येऊ नये म्हणून हैबतराव घाईने पुढे झाला.

"आमच्या काकींनी बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंय. त्यांच्याकडून चूक व्हायची नाही. ही शकू, हिनंच उरक दाखवायला आखून टाकले." आणि शकूकडे वळून, "ऊठ तिथनं. उद्यापासून घासायला बस."

घासायला म्हणजे पोरीसोरींच्या रांगेत, पॉलिश पेपर घेऊन, कच्च्या मूर्तींची भुकटी उडवीत.

शकूने एकदा, एकदाच, खुर्चीकडे पाहिले. तिच्या नजरेत राग असता तर बाईंनी तो परतवला असता. पण ती नुसती वाट पाहत होती. सीताबाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसायला घेतला. पुसून झाला तेव्हा पाट रिकामा होता.

पाहुण्याने सांगितले की मंडळाला विचारून सोमवारी फोन करतो, आणि तो निघून गेला.

ते चार दिवस सीताबाईंना घरात बसवेना आणि बाहेर तोंड दाखववेना. वाण्याच्या दुकानी एक जुना विद्यार्थी वाकून पाया पडला, तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले. ऐन परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलांना त्यांनी दहा-दहा दिवस वर्गाबाहेर ठेवले होते. त्या मुलांनी निदान आपल्या जागी दुसऱ्या कोणाला शिक्षेला उभे केले नव्हते.  मरणाची नव्हे, पण माणसांत बसण्याची त्यांना भीती वाटू लागली होती.

सोमवारी पहिल्या गाडीने त्या पेणला गेल्या. शकू रांगेत बसली होती. भुवया, केस, सारे भुकटीने पांढरे झाले होते. पाटावर मालू नावाची नवी मुलगी बसली होती आणि तिचा हात अडखळत होता.

सीताबाई खुर्चीवर बसल्या नाहीत. "हैबत," त्या म्हणाल्या, "शकूने चूक केली नाही. तो माणूस काय बोलला ते मला समजले नाही. मी मनाने सांगितले."

हैबतरावाने आधी कामगारांकडे पाहिले. "काकी, असू दे आता. आत चला, चहा घेऊ."

"चहा नको. सगळ्यांना ऐकू गेले का?"

 बाई रांगेपाशी गेल्या. "मला कळले नव्हते, हे तुला ठाऊक होते ना?"

"व्हय," शकू म्हणाली. तिचा हात थांबला नाही.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बसला व्हतात ना काकी. तुम्ही बोलाल म्हटलं."

 हैबतराव ओशाळून म्हणाला, "शकू, जा, बस पाटावर." शकूने हातांकडे पाहिले. "आज नाय. चार दिवस घासून बोटं बधिर झालीत. कुंचला सुटंल." आणि ती पुन्हा घासू लागली.

तेवढ्यात फोन वाजला. हैबतरावाने उचलला, दोनदा हॅलो केले, आणि त्याचा हात सवयीने काकींकडे वळून मध्येच थबकला.

"दे इकडे," सीताबाई म्हणाल्या.

त्यांनी फोन कानाला लावला.  सारा कारखाना ऐकत असताना, एकेक शब्द वेगळा करून, त्या इंग्रजीत म्हणाल्या की त्या दिवशी तुमचे बोलणे मला कळले नव्हते, कळले नाही हे मी सांगितले नाही, आणि डोळे आखणाऱ्या बाईंचा यात काही दोष नाही.  मग तो माणूस बोलू लागला, पुन्हा तसाच, भरभर.

"प्लीज से इट अगेन," सीताबाई म्हणाल्या. "आय डिड नॉट अंडरस्टँड."

तो पुन्हा बोलला. अर्धे समजले. जेवढे समजले तेवढे त्यांनी मोठ्याने मराठीत सांगितले, आणि उरलेल्यासाठी पुन्हा विचारले. तिसऱ्या वेळी रांगेतली कोणी पोरगी फिस्सकन हसली. हैबतरावाने तिच्यावर डोळे वटारले. सीताबाईंनी त्याला हातानेच थांबवले आणि चौथ्यांदा विचारले.