गोचिडाचं औषध

देवणीच्या शंकरप्पांनी जनावरांच्या सरकारी दवाखान्याची पायरी चढावी, आणि तीही मांजर घेऊन! पाहणाऱ्यांना खरंच वाटेना. अहो, आसपासच्या गावांत कुणाची गाय फुगली, कुणाच्या बैलाचा खांदा सुजला, की माणसं आधी आप्पांच्या गोठ्यात यायची. दवाखाना म्हणजे नवशिक्यांची सोय, असं आप्पा तोंडावर सांगायचे. आज तेच आप्पा धोतराच्या सोग्यात करडी भाटी, म्हणजे मांजरी, गुंडाळून बाकावर बसले होते आणि भाटी नखशिखांत थरथरत होती.

"आप्पा, ह्ये कुठल्या जातीचं वासरू म्हणायचं?" गाय घेऊन आलेल्या हणमंतरावांनी टोमणा मारलाच. चार माणसं हसली. आप्पांनी भाटीवर सोगा ओढून घेतला.

भाटी काही त्यांची नव्हती. गावभर हुंदडणारी भटकी. गेल्या आठवड्यात गोठ्यामागच्या कडब्यात व्याली, तीन पिल्लं. आप्पांची बायको दानम्मा तिला धारेचं दूध ठेवायची. "लई लाडावून ठिवलीस," म्हणत आप्पा स्वतःच चरवी वाकडी करायचे. पण खाजवून खाजवून भाटीची मान सोलवटली होती, कानामागं गोचिडं चिकटली होती. आज सकाळी बैलांना गोचिडाचं औषध लावताना आप्पांना तिची कीव आली. उरलेलं औषध फडक्यानं तिच्या मानेला, पाठीला चोळलं. बैलाला मानवतं ते एवढ्याशा जिवाला का मानवू नये? चांगलं करायला गेला होता हो माणूस!

दुपारी ती लटपटायला लागली. तोंडाला फेस आला. "अवं, पिल्लं वरडू लालीत आन् ही उठंना," दानम्मा म्हणाली. "तुमचं काय औषधपाणी आसंल तर करा, न्हाईतर दवाखान्यात न्या." आप्पांनी भाटीला उचललं, तर तिच्या अंगाला सकाळच्या औषधाचा वास.  बायकोला त्याचा पत्ता लागू न देता त्यांनी तिला सोग्यात गुंडाळलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर मंजुश्री या दवाखान्यात नवीनच. त्यांनी भाटीला टेबलावर घेतलं, डोळ्यांत बॅटरी मारली. "काय खाल्लं हिनं? अंगाला काही लावलंत का, आप्पा?"

दारात हणमंतराव कान टवकारून उभे. मागं सगळी ओळखीची माणसं. आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई. कुणीतरी इख घालून मारलेला उंदीर खाल्ला आसंल."

आप्पांचा शब्द! डॉक्टरीणबाईंनी तो खरा धरला आणि पोटातल्या विषावरचा इलाज सुरू केला. खोटं किती झटकन निघतं बघा, आणि खरं घशात कसं अडकून बसतं. थरथर कमी होईना. मग झटके यायला लागले. भाटीची नखं आप्पांच्या मनगटात रुतली. ती कुणाला ओरबाडत नव्हती, धरून ठेवत होती. आप्पांना ते सोसवेना.

"म्याडम," ते मोठ्यानं म्हणाले, "मी गोचिडाचं औषध लावलंय तिला. बैलाचं. ह्या हातानं."

कुणी हसलं नाही. डॉक्टरीणबाई रागावल्याही नाहीत, नुसत्या धावल्या. "मांजराला ते सोसत नाही, आप्पा! कोमट पाणी आणा, साबण आणा!" हणमंतरावच बादली घेऊन आले. भाटीला धुतलं, पुन्हा धुतलं, झटक्यांवरचं इंजेक्शन दिलं. तिचा श्वास लांब लांब होत गेला आणि थांबला.

"आधी कळलं असतं तर..." डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धवट सोडलं. मग म्हणाल्या, "हिला दूध आहे, पिल्लं असणार. ती अंगाशी झोपली असतील तर त्यांनाही लागलं असेल. साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा, कोरडी करा, उबेत ठेवा. आत्ताच्या आत्ता."

आप्पा घरी पोचले तेव्हा दानम्मा दारातच उभी होती. सोग्यातलं निश्चल गाठोडं बघून तिनं पदर तोंडाला लावला. भाटीचा काळ भरला होता, एवढं आप्पांनी म्हटलं असतं तरी दानम्मानं मान डोलावली असती.

"मी मारली तिला," आप्पा म्हणाले. "औषध माझं व्हतं. आन् डॉक्टरनं इचारलं तवा खोटं बोललो. चारचौघांत लाज वाटली."

"काय वो केलाव हे! लेकुरवाळी व्हती ती!" दानम्मा रडत रडत खाली बसली. आप्पांनी कसंबसं पिल्लांचं सांगितलं, तशी ती उठली. चुलीवर पाणी ठेवलं, परात घेतली, जुनं लुगडं फाडलं. कडब्यातून पिल्लं आणली. डोळे मिटलेले, आंधळेपणानं तोंडं फिरवत तिघंही चिरकत होती.

"धरा एकेक," ती म्हणाली.

आप्पांनी हात मागं घेतले. "माझ्या हातात नगं."

"मग कुणाच्या हातात दिऊ? साबणानं हात धुवा आन् या."

आप्पांनी हात धुतले. वास जाईना म्हणून राखेनं घासले, पुन्हा साबण लावला. मग पहिलं पिल्लू ओंजळीत घेतलं. दानम्मा ते पुसत असतानाच त्यानं मान वळवली, आप्पांचा अंगठा शोधला आणि आईला प्यावं तसं चोखायला लागलं.