एडिथचे डेलिया

एडिथने किड्यांना सापळा म्हणून बांबूच्या टोकावर उपडी घातलेली कुंडी उचलली, आतल्या गवतात दडलेले किडे बादलीत झटकले आणि मान वर न करता म्हणाली,

"मागच्या रांगेतले तोड. पुढच्यांना हात लावायचा नाही."

ग्लेनिस कात्री घेऊन मागे गेली. सकाळचे साडेसहा झाले होते. ऊन चढल्यावर तोडलेला डेलिया संध्याकाळपर्यंतही तग धरत नाही, हे तिला एडिथनेच शिकवलं होतं, एका घरात सासू-सून म्हणून काढलेल्या चौदा वर्षांत. घटस्फोटाला आता तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून एकमेकींना पाहिलं की समोरासमोर येणं टाळायला दोघी रस्ता ओलांडत.

पण गावात फुलांचं दुकान एकच, ग्लेनिसचं. शनिवारी एडिथच्या मुलाचं, क्लाइव्हचं, दुसरं लग्न होतं आणि नव्या नवरीला, टॅम्सिनला, गडद लाल, लिंबाएवढे, चेंडूसारखे गोल डेलियाच हवे होते. एडिथच्या सासऱ्यांनी महायुद्धाआधी लावलेलं ते वाण यॉर्कशायरच्या त्या खोऱ्यात दुसऱ्या कुणाकडे उरलं नव्हतं.

एडिथ मागोमाग आलीच. देठ आखूड कापतेस, म्हणाली. हे पुरतं फुललेलं नाही, तोडल्यावर फुलत नाही, एवढंही विसरलीस का, म्हणाली. मग शेजारच्या वाफ्यावरल्या माणसाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की काहीजणींना नवरा सांभाळता आला नाही, आता त्याच्या लग्नाची फुलं सांभाळतायत.

ग्लेनिसने देठावरची पानं ओरबाडून काढली.

"चौदा वर्षं सांभाळला. खालच्या खोलीत तुम्हीच असायचात. वर तो माझ्यावर हात उगारायचा, ते सगळं ऐकू यायचं तुम्हाला."

एडिथने आधीच झटकलेली कुंडी पुन्हा झटकली. ते पाहून ग्लेनिसला आणखी जोर आला. मंगळवारी क्लाइव्हचा फोन आला होता, तेव्हापासून तिने एक गोष्ट जपून ठेवली होती.

"तुमच्या कोटाला लावायचं फूल रद्द केलंय त्याने. आई लग्नाला येणार नाही म्हणाला."

"माहीत आहे."

"कशाचे रुसवेफुगवे आता?"

"रुसले नाही." एडिथने हातमोजे काढले. "त्या पोरीला सांगून आले, खालच्या खोलीत मला काय काय ऐकू यायचं ते."

ग्लेनिसची कात्री थांबली. माझ्या वेळी तोंड का उघडलं नाहीत, हे ओठांवर आलं होतं, पण तिने वेगळंच विचारलं.

"पटलं तिला?"

"लग्नाची फुलं तोडतेयस ना तू?"

ग्लेनिसच्या बादलीत बावीस फुलं झाली होती. साठ लागणार होती. ग्लेनिस कात्री तशीच धरून उभी राहिली. टेकडीवरून ऊन वाफ्यात उतरलं. एडिथ उलटवलेल्या पेटीवर बसली आणि तिने ग्लेनिसला तोडायची घाई केली नाही.